बेटे निवडण्याआधी वारा पाहावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत ग्रीसमधील शिडाच्या नौकेवरील सुट्टीविषयी प्रसिद्ध झालेला लेख वाचला. ठरीव सहलींचा मार्ग सोडून मराठी कुटुंबे स्वतः नौका भाड्याने घेण्याचा विचार करू लागली आहेत, ही गोष्ट कोकणातल्या माझ्यासारख्या वाचकाला सुखावणारी आहे. मात्र सात दिवसांसाठी म्हणून लेखात जो मार्ग सुचवला आहे, म्हणजे अथेन्सहून मायकोनॉस, तेथून सँटोरिनी आणि पुन्हा अथेन्स, तो नकाशावर जितका देखणा दिसतो तितकाच जुलै-ऑगस्टच्या समुद्रात त्रासदायक ठरणारा आहे. लेखकाने बेटांची निवड छायाचित्रांवरून केलेली दिसते. ती वारा, अंतर आणि नौका परत करण्याचा दिवस यांवरून व्हायला हवी होती.

प्रथम हिशेब पाहू. नौका भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचा आठवडा बहुधा शनिवारी दुपारनंतर सुरू होतो आणि पुढच्या शनिवारी सकाळी संपतो. त्यातही शुक्रवारी संध्याकाळीच मूळ धक्क्याला परतावे अशी अट असते. म्हणजे प्रत्यक्ष प्रवासाला रविवार ते शुक्रवार एवढेच दिवस उरतात. कुटुंबाला पुरेल अशी बारा-तेरा मीटर लांबीची शिडाची नौका तासाला पाच-सहा सागरी मैल कापते, आणि अथेन्सहून सँटोरिनी सरळ रेषेतही सुमारे सव्वाशे सागरी मैल आहे. एका बाजूचा हा वीसेक तासांचा प्रवास. मायकोनॉसचा वळसा आणि परतीची वाट वेगळीच. बेटावर उतरून दोन घटका बसायला वेळ कोठून आणायचा, हे लेखात सांगितलेले नाही.

खरी अडचण मात्र अंतराहून वाऱ्याची आहे. उन्हाळ्यात ग्रीसच्या पूर्वेकडील एजियन समुद्रावर, म्हणजे याच मार्गावर, उत्तरेकडून ‘मेल्टेमी’ नावाचा वारा वाहतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो सर्वांत जोरात असतो. बाल्कन प्रदेशावरील जास्त दाब आणि तुर्कस्तानच्या बाजूचा कमी दाब यांच्या ओढाताणीतून तो निर्माण होतो. त्या कमी दाबाच्या पट्ट्याचे मूळ आशियातील मोसमी यंत्रणेत आहे, म्हणजे आपल्याकडे कोकणात पाऊस कोसळत असताना तिकडे जे वारे सुटतात त्यांचे आपल्या पावसाशी दूरचे नाते आहे. फरक इतकाच की आपल्याकडचे वादळी हवामान दुरून दिसते, तर मेल्टेमी निरभ्र, लख्ख निळ्या आकाशाखाली वाहतो. ढगाचा ठिपका नसताना ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे वारा असू शकतो आणि तो दोन-तीन दिवस, कधी त्याहून अधिक काळ पडतच नाही. मायकोनॉसच्या ज्या पवनचक्क्यांचे छायाचित्र लेखासोबत छापले आहे, त्या शोभेसाठी उभारलेल्या नव्हत्या. धान्य दळण्यासाठी तेथे वारा हमखास मिळत असे म्हणून त्या तेथे आहेत.

या वाऱ्याचा फसवा भाग असा की तो जाताना मदत करतो. अथेन्स किंवा त्याच्या आग्नेयेच्या लाव्रिओ बंदराहून दक्षिणेकडे निघालेली नौका वारा पाठीवर घेऊन झरझर उतरते, मुले खूश असतात, आणि मंगळवारपर्यंत आपण उत्तम खलाशी आहोत असा समज घट्ट होतो. परतीला तोच वारा तोंडावर येतो. शिडाची नौका वाऱ्याच्या थेट तोंडात जाऊ शकत नाही. तिला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी वाट काढावी लागते आणि अंतर दीडपट होते. इंजिन लावून सरळ जायचे म्हटले तर आखूड, उभ्या लाटांवर नौकेचा पुढचा भाग आपटत राहतो, पाण्याचे फवारे सुकाणूवरच्या माणसाच्या तोंडावर येतात आणि खाली केबिनमध्ये कोणाच्याही पोटात अन्न टिकत नाही. नाही गेलो तर नौका उशिरा परत केल्याचा दंड भरावा लागतो आणि विमान चुकते ते वेगळेच.

उंच बेटाच्या दक्षिणेला गेले की उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोसा मिळेल असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात डोंगर ओलांडून खाली येणारा वारा अधिक वेग घेतो आणि त्याचे झोत अचानक नौकेवर कोसळतात. सेरिफॉस बेटावरच्या लिवादी बंदरासारख्या चांगल्या जागीही मेल्टेमीच्या रात्री नांगराची साखळी कमी सोडलेली चालत नाही. सँटोरिनीची अडचण याहून मूलभूत आहे. ज्या पांढऱ्या घरांखालच्या निळ्या पाण्याची छायाचित्रे आपण पाहतो, ते बुडालेल्या ज्वालामुखीचे विवर असून तेथे खोली तीनशे मीटरहून अधिक आहे. नांगर टाकायला तळच हाती लागत नाही. बेटाच्या दक्षिणेस व्लिखाडा येथे एक लहानसे बंदर आहे, पण ऐन हंगामात तेथे जागा मिळेल या भरवशावर सव्वाशे मैल जाणे शहाणपणाचे नाही.

मग जावे कोठे? लहान मुले आणि नवखी माणसे बरोबर असतील, तर माझे मत निःसंशय ग्रीसच्या पश्चिमेकडील आयोनियन बेटांना आहे. तेथे उन्हाळ्यात सकाळी समुद्र बहुधा शांत असतो. दुपारी वायव्येकडून ‘माइस्त्रो’ नावाचा वारा सुरू होतो, शिडे भरण्याइतका वाढतो आणि सूर्यास्तानंतर पडतो. शाळेत खारे आणि मतलई वारे शिकलेल्या आपल्या वाचकांना हे वेळापत्रक परके वाटणार नाही. लेफकाडा हे बेट पुलाने मुख्य भूमीला जोडलेले असून विमानतळ जवळ आहे, त्यामुळे नौका तेथूनच घ्यावी. त्याच्या पूर्वेला मेगानिसी, कालामोस, कास्तोस आणि दक्षिणेला इथाका अशी बेटे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की सकाळी पोहून, जेवून निघाले तरी संध्याकाळच्या आत पुढचे बंदर गाठता येते. मेगानिसीच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्र जमिनीत बोटांसारखा शिरला आहे. तेथे नांगर टाकून नौका मागे मागे काठाकडे न्यायची, एकाने दोर घेऊन पोहत जायचे आणि तो खडकाला किंवा झाडाच्या बुंध्याला बांधून यायचे, अशी रीत आहे. दोर घेऊन कोणी जायचे यावरून मुलांत भांडणे होतात, आणि सहलीतले हे सर्वांत आवडते काम ठरते.

केफालोनियाच्या उत्तर टोकाचे फिस्कार्दो यात जरूर धरावे. ऑगस्ट १९५३ च्या भूकंपांनी केफालोनिया, झाकिंथॉस आणि इथाका या बेटांवरील बहुतेक जुनी वस्ती जमीनदोस्त केली. फिस्कार्दो बऱ्याच अंशी वाचले, म्हणून व्हेनिसच्या अमलाच्या वळणाची घरे तेथे अजून पाहायला मिळतात. झाकिंथॉसला मात्र आठवड्याच्या सफरीत ओढूनताणून बसवू नये. तेथील फुटक्या जहाजाचा जो किनारा जगभर प्रसिद्ध आहे, त्यावर दरडींच्या धोक्यामुळे अलीकडच्या वर्षांत उतरू देत नाहीत, आणि दक्षिणेच्या लागानास उपसागरात समुद्री कासवांच्या विणीमुळे नौकांच्या वेगावर व नांगर टाकण्यावर निर्बंध असतात. वेळासच्या कासवांचे कौतुक करणाऱ्या आपण तरी त्याबद्दल कुरकुर करू नये.

अथेन्सच पाहायचे असेल, तर सारोनिक आखातातील एजिना, पोरोस, हायड्रा आणि स्पेत्सेस ही बेटे आहेत. मुख्य भूमीच्या आडोशामुळे मेल्टेमीचा जोर तेथे पुष्कळ कमी लागतो. हायड्रावर मोटारगाड्यांना मज्जाव आहे आणि सामान खेचरांवरून जाते; पण बंदर अगदी लहान असल्याने नौका एकीमागे एक अशा रांगांत लागतात, सकाळी नांगर एकमेकांत अडकतात आणि तो गुंता सोडवण्याचा कार्यक्रम धक्क्यावरील लोक कॉफी पीत पाहतात. समोरच्या किनाऱ्यावरील एर्मिओनीला नौका लावून प्रवासी बोटीने हायड्राला जाऊन यावे. याच फेरीत एपिदाव्रोसच्या लहान बंदरात थांबून इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले रंगमंदिर पाहता येते. नाटकवेड्या मराठी माणसासाठी एवढे एक ठिकाणही सफर सार्थकी लावील.

ज्यांना पांढऱ्या घरांची सायक्लेड्स बेटेच (मायकोनॉस आणि सँटोरिनी याच समूहातली) हवी आहेत त्यांनी पश्चिमेकडची रांग धरावी: केआ, किथनॉस, सेरिफॉस, सिफनॉस. लाव्रिओहून निघाल्यास प्रत्येक टप्पा काही तासांचा असतो, त्यामुळे वारा वाढला तर कोणत्याही बेटावरून मागे वळता येते. सिफनॉसची ख्याती मातीच्या भांड्यात रात्रभर भट्टीत शिजणाऱ्या काबुली चण्यांसाठी आहे आणि शाकाहारी मंडळींना ते मनापासून आवडतील. अडचण एवढीच की हा पदार्थ परंपरेने रविवारचा, आणि शनिवारी नौका घेणारा माणूस रविवारी संध्याकाळी जेमतेम किथनॉसला पोहोचलेला असतो. दोन आठवड्यांची नौका घेणाऱ्यांनीच त्याची आशा धरावी.

काळाच्या बाबतीत तर आपली बाजू जमेची आहे. युरोपीय कुटुंबांना शाळांमुळे जुलै-ऑगस्ट टाळता येत नाही. आपल्या मुलांना सुट्टी मे महिन्यात असते. तेव्हा मेल्टेमी अजून स्थिरावलेला नसतो, भाडी कमी असतात आणि बंदरांत जागा मिळते. पाणी गार असते आणि एखाददुसरा दिवस पावसाचा जातो, हे खरे. ग्रीसमध्ये कर्णधाराजवळ मान्य परवाना लागतो आणि नौका हाताळू शकणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीचीही नोंद करावी लागते. परवाना नसल्यास स्थानिक कर्णधार मिळतो; त्याची झोपण्याची व जेवणाची सोय आपणच करायची असल्याने एक केबिन कमी धरावी.

सँटोरिनी पाहूच नये असे माझे म्हणणे नाही. शनिवारी सकाळी नौका सोपवावी, अथेन्सच्या पिरेअस बंदरातून मोठ्या प्रवासी बोटीत बसावे आणि विवराच्या कड्यावर दोन रात्री राहावे. वाऱ्यामुळे कधी कधी त्या बोटीही बंद ठेवतात, तेव्हा परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा सोडावा.

आपला,
एक वाचक, अलिबाग