नाना, तुमचा डबा परत करताना

आदरणीय नाना,
स. न. वि. वि.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवार-रविवारी आम्हा चौघांना वाइन चाखण्यासाठी तुम्ही जळगावहून नाशिकजवळच्या दिंडोरीला नेऊन सुखरूप परत आणले, त्याबद्दल घरी येऊन आभार मानू लागलो तेव्हा तुम्ही विषय केळीच्या भावावर नेलात. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि तेही चारचौघांत वाचता येईल असे.

गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला वाइनरीच्या दारात नेऊन उभे करायचे, याचा मला संकोच होता. ‘मना तठे काय काम शे?’ असे तुम्हीही आधी म्हणालात. परंतु चौघेही चव घेणार असाल तर नंतर गाडी कोण चालवणार, या तुमच्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते, आणि शेवटी तुम्हीच किल्ली मागून घेतलीत. एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव, चांदवड असे जाऊन-येऊन जवळपास 500 किलोमीटर तुम्ही एकट्याने गाडी चालवली.

शनिवारी ज्या मोठ्या वाइनरीवर आमचा सगळा भरवसा होता, तिथे आमचे आरक्षण सापडेना, आणि गर्दीत तासभर ताटकळून आम्ही निमूट बाहेर आलो. तेव्हा तुम्ही एक फोन केलात. तीस वर्षे ठिबकच्या नळ्या अंथरत दिंडोरी-निफाडचे बांध तुडवल्यामुळे तुमची ओळख किती दूरवर पोचली आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळले. कारण अर्ध्या तासात आम्ही एका द्राक्ष बागायतदाराच्या सहा टाक्यांच्या लहानशा वाइनरीत बसलो होतो आणि मालक स्वतः खुर्च्या मांडत होते.

त्यांच्या बागेत तुम्ही जे समजावलेत, ते कोणत्याही माहितीपत्रकात मिळाले नसते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी खाण्याच्या आणि वाइनच्या, दोन्ही द्राक्षांत होते, पण खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगवण्यासाठी शेतकरी घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढ-संजीवकाच्या द्रावणात बुडवतो, तर वाइनच्या द्राक्षाला लहान मणी, जाड साल आणि मोजकेच घड हवे असतात. म्हणूनच घड पिकू लागले की ठिबकचे पाणी हात राखून सोडायचे आणि साखर 22 ते 24 ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातला गोडवा मोजण्याचे माप) चढू द्यायची, हे तुम्ही नळी हातात धरून दाखवलेत. आयुष्यभर पाणी देण्याचा धंदा केलेला माणूस पाणी तोडण्याचे महत्त्व सांगतो आहे, याची मला गंमत वाटली. मालकांनी शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाचा काळाभोर मणी बोटांत चिरडला, तर रस जवळजवळ बिनरंगाचा निघाला. लाल वाइनचा रंग सालीतून येतो आणि म्हणून ती सालीसकट आंबवतात, हे मी वाचले होते, पण पाहिले नव्हते.

आणि मग माईंचा डबा उघडला. वाइनसोबत चीजचे तुकडे ठेवलेले असताना तुम्ही शांतपणे भरीत आणि कळण्याच्या भाकरी पुढे केल्यात. ओल्या मिरचीच्या आणि लसणाच्या त्या भरितापुढे शिराझची लाल वाइन अगदीच फसली. तिचा तुरटपणा आणि मिरचीची आग एकमेकांना चढवू लागली. थंड केलेली, किंचित गोडसर शेनिन ब्लां ही पांढरी वाइन मात्र अशी जमली की मालकांनी दुसरी भाकरी मागून घेतली. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि नाशिकच्या वाइनला, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. त्यांची गाठ कोणी मुद्दाम घालून दिली असेल असे मला वाटत नाही. तुम्ही पेल्याचा नुसता वास घेऊन ‘पेरूसारखा येतो’ म्हणालात, आणि तो अंदाज आम्हा पिणाऱ्यांपेक्षा अचूक होता. मालकांनी तुमच्यासाठी नुकताच काढलेला, न आंबलेला रस पेलाभर आणला, तो तुम्ही दोनदा मागितलात, हे माईंना सांगितले आहे.

रविवारी सकाळच्या खानावळीतली मिसळ ठीक होती, अधिक काही नाही. परतीच्या वाटेवर धुळ्याआधी तुम्ही ज्या टपरीवजा ठिकाणी गाडी थांबवलीत, तिथली शेवभाजी मात्र अजून जिभेवर आहे. काळ्या मसाल्याचा रस्सा उकळून तयार असताना शेव अगदी शेवटी, ताट पुढे आल्यावर घालायची, म्हणजे तिचा लगदा होत नाही, हे तिथल्या मावशींनी तुमच्या ओळखीमुळेच सांगितले असावे. मी घरी दोनदा करून पाहिली, दुसऱ्यांदा जमली.

माईंचा डबा या पत्रासोबत पाठवत आहे. रिकामा कसा पाठवणार? त्यात मालकांच्या बागेतले बेदाणे आहेत. त्यांनी ते तुमच्याच नावाने दिले होते आणि आम्ही वाटेत त्यातले मूठभर खाल्ले, ते मात्र माफ करावे.

आपला,
शेजारचा