बे रिजच्या आजोबांना, पेन्सिलीच्या एका रेघेबद्दल

आजोबा,

तोंडावर मी तुम्हाला कायम 'मिस्टर' लावून आडनावानेच हाक मारली. इथली रीत तीच. मनातून मात्र पहिल्या शनिवारपासून तुम्ही आजोबाच आहात, आणि हे पत्र मराठीत असल्यामुळे आज तसं म्हणायला मोकळी आहे. आभाराचं इंग्रजी पत्र तुम्हाला मिळालंच असेल. ते नीटनेटकं होतं, पण मला म्हणायचं होतं त्यातलं निम्मंही त्यात उतरलं नाही. शिवाय तुम्ही माझ्यासाठी काय केलंत हे माझ्या माणसांना कळायला हवं, आणि माझी माणसं मराठी वाचतात.

परवा तुमच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या इतिहासावरचा माझा प्रबंध मंजूर झाला. तोंडी परीक्षेच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा आईच्या आधी तुम्हाला फोन करावासा वाटला. केला नाही, कारण आवाज फुटला नसता.

पहिल्या भेटीत तुम्ही विचारलं होतंत, साताऱ्याच्या मुलीला आमच्या पक्षाचं काय पडलंय? तेव्हा मी काहीतरी गोलमोल सांगितलं. खरं उत्तर असं आहे. नागरिकत्व मिळाल्यावर पहिल्यांदा मतदानाला गेले आणि मतपत्रिका हातात घेतली, तर एकाच उमेदवाराचं नाव वेगवेगळ्या पक्षांच्या ओळींत, पुन्हा पुन्हा. मला छपाईची चूक वाटली. आमच्याकडे एक उमेदवार, एक चिन्ह. युती असो, आघाडी असो, बाहेरून पाठिंबा असो, माणूस मतपत्रिकेवर एकदाच येतो. टेबलामागच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कुठल्याही ओळीत गोल भरा, सगळं एकच," आणि त्यांनी मागच्याला पुढे बोलावलं. सगळं एकच नव्हतं. गोल कुठल्या ओळीत भरला यावर एखाद्या पक्षाचं जगणं-मरणं ठरतं, हे मला पुढे तुमच्या तळघरात, पक्षाच्या जुन्या कागदांत कळलं.

तळघरापर्यंत पोचायला दीड वर्ष लागलं, आणि त्या दीड वर्षाबद्दल मला आज स्पष्ट बोलायचं आहे. न्यूयॉर्क राज्याच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा इतिहास लिहायचाय म्हटल्यावर एका विद्वान गृहस्थांनी मला सांगितलं, हा विषय प्रबंधाचा नाही, तळटिपेचा आहे. दुसऱ्यांनी चार ईमेलना उत्तर दिलं नाही आणि पाचव्याला एका ओळीत 'शुभेच्छा' लिहून पाठवल्या. एका बाईंनी तर माझ्याकडे नीट पाहून विचारलं, तुझ्यासारखीला या लोकांबद्दल लिहायची गरजच काय? आपल्याच मराठी मंडळातल्या एका जाणत्या माणसाने हेच मराठीत ऐकवलं. सगळ्यांनी सभ्यपणे हात झटकले. पक्ष त्यांना आवडत नव्हता, म्हणून त्याचा अभ्यासही नको होता. पक्ष मलाही फारसा आवडत नाही. ते मी तुम्हाला फोनवरच सांगितलं होतं, आठवतं? तुम्ही म्हणालात, "मग तर ये. आवडणारे लोक काही विचारत नाहीत."

मी जॅक्सन हाइट्सला मेट्रोच्या आर गाडीत बसायची आणि दुसऱ्या टोकाला, ब्रुकलिनमधल्या तुमच्या बे रिजला उतरायची. एकच गाडी, पण जग दुसरं. तळघरात केळ्यांचे रिकामे खोके, त्यांवर जाड शाईत साल लिहिलेलं. कार्बन पेपरवरच्या निळसर प्रती, गंजलेल्या टाचण्या, कोपऱ्यात ओल शोषणारं यंत्र घरघरत असायचं. पहिला खोका 1962 चा. तो उघडतानाच तुम्ही बजावलंत, "तेव्हा मी शाळेत होतो. यातलं मी जे सांगेन ते ऐकीव आहे, तसंच लिही." इतक्या वर्षांत मला असं बजावणारा पहिला माणूस तुम्ही.

त्या खोक्यातली गोष्ट मला सगळ्यात आवडते. डॅन महोनी आणि किअरन ओ'डोहर्टी, नात्याने मेव्हणे, दोघे वकील. रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर आणि सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांचा उदारमतवाद दोघांना मान्य नव्हता. पण पक्षात राहून कुरकुर करण्यापेक्षा त्यांनी समोरच्याचीच युक्ती उचलली. लिबरल पक्ष 1944 पासून हेच करत होता: मोठ्या पक्षाचा उमेदवार पसंत पडला तर त्याला आपल्या ओळीत घ्यायचं, नाही पडला तर स्वतःचा उभा करून त्याची मतं खायची. न्यूयॉर्कच्या कायद्यात दोन्ही ओळींतली मतं वेगळी मोजून शेवटी त्यांची बेरीज करतात. त्यामुळे लहान पक्षाला आपली ताकद आकड्यात दाखवता येते. आपल्याकडे ज्याला उपद्रवमूल्य म्हणतात त्याची इथे सरकारी मोजदादच होते. पक्ष म्हणून टिकायचं तर गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत आपल्या ओळीत 50,000 मतं मिळायला हवी होती. सिराक्यूसचे उद्योजक डेव्हिड जॅक्विथ उभे राहिले आणि 1 लाख 41 हजारांहून जास्त मतं घेऊन गेले. जिंकायचा प्रश्नच नव्हता, ओळ मिळाली.

तुमच्या जेवणाच्या टेबलावर मी तुम्हाला स्वतंत्र पक्षाची गोष्ट सांगितली ती इथूनच निघाली. राजाजी आणि मसानींनी 1959 साली काढलेला पक्ष, 1967 साली लोकसभेत 44 जागा, विरोधी बाकांवरचा सगळ्यात मोठा पक्ष, आणि 1974 मध्ये चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन. तुमचा पक्ष त्याच्याहून कितीतरी लहान, तो साठ वर्षांनीही मतपत्रिकेवर आहे. का? माझ्या प्रबंधाचा खरा प्रश्न त्या जेवणात सापडला. स्वतंत्र पक्षाच्या ऱ्हासाला कारणं अनेक होती, पण हरता हरता जगण्याची सोय आपल्या कायद्यात नाही हे त्यातलं एक आहे, असं माझं मत झालं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि राजाजींचं नाव कागदावर लिहून मागितलंत.

खोके पुढे सरकत गेले. 1965 मध्ये पत्रकार विल्यम बकले तुमच्या पक्षातर्फे न्यूयॉर्कच्या महापौरपदाला उभे राहिले. निवडून आलात तर काय कराल, या प्रश्नावर त्यांनी 'फेरमोजणी मागेन' असं उत्तर दिलं होतं. तरी 100 पैकी 13 मतं त्यांना मिळाली. त्यांची पत्रकं दारोदार टाकणाऱ्या पोरांत तुम्ही होतात. मग 1966. पॉल अॅडम्स नावाचे, राज्याबाहेर कुणी ओळखत नसलेले कॉलेजचे डीन तुमच्या ओळीवर गव्हर्नरपदाला उभे राहिले, पाच लाखांवर मतं घेतली आणि लिबरल पक्षाच्या फ्रँकलिन रूझवेल्ट ज्युनियर यांना थोडक्या फरकाने मागे टाकलं. ज्यांची युक्ती उचलली त्यांनाच एक ओळ खाली ढकललं. त्याच साली पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळात नागरिकांचं बहुमत नको, म्हणून पोलीस संघटनेबरोबर तुमच्या पक्षाने शहरात सार्वमत घडवून आणलं आणि जिंकलं. त्याबद्दल मी प्रबंधात कठोर लिहिलंय. आजही ते तसंच आहे.

आणि 1970. तो खोका उघडताना तुमचा हात थरथरला, ते वयामुळे नव्हे. विल्यम यांचे थोरले भाऊ जेम्स बकले अमेरिकेच्या सिनेटला कॉन्झर्व्हेटिव्ह ओळीवर उभे होते. समोर रिपब्लिकन चार्ल्स गुडेल आणि डेमोक्रॅट रिचर्ड ऑटिंगर. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात गेल्यामुळे गुडेल स्वतःच्याच पक्षात एकटे पडलेले. युद्धविरोधी मतं दोघांत फुटली आणि बकले निवडून आले. तिसरा पक्ष, स्वतःच्या ओळीवर, थेट सिनेटमध्ये. तुम्ही तेव्हा चोवीस वर्षांचे. त्या रात्री भर रस्त्यात तुम्ही अनोळखी माणसांना मिठ्या मारल्या होत्या, हे तुमच्या बायकोने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले ती.

त्या काळाचं प्रकरण लिहून मी कच्ची प्रत तुमच्याकडे ठेवून गेले होते. मनात धाकधूक होती. 1966 बद्दल काय काय लिहिलं होतं मी! पुढच्या शनिवारी तुम्ही प्रत परत दिलीत, फार बोलला नाहीत, दारापर्यंत सोडायला आलात. 77व्या रस्त्याच्या स्टेशनात बाकावर बसून मी पानं चाळली. 1966 च्या परिच्छेदाच्या कडेला काहीही नव्हतं. एक टिंबसुद्धा नाही. पुढे 1970 च्या पानावर मी उत्साहाच्या भरात लिहून बसले होते की न्यूयॉर्कच्या बहुसंख्य मतदारांनी बकले यांना निवडून दिलं. 'बहुसंख्य' या शब्दाखाली पेन्सिलीची एक बारीक रेघ होती. रबर फिरवला तर माग राहणार नाही इतकी हलकी. आणि कडेला तुमच्या तिरप्या अक्षरात: "बहुसंख्य नव्हे. 39. शंभरातले 61 आमच्या विरोधात होते."

आजोबा, गाडी आली आणि गेली. मी बसूनच राहिले.

तुमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय मी चुकून आणखी मोठा करून ठेवला होता. तो तसाच राहू दिला असता तर कुणाला काय कळणार होतं? माझ्या मार्गदर्शकांनी ते पान दोनदा वाचलं होतं, त्यांच्या नजरेतून ते सुटलं. तुम्ही ते कमी केलंत, आणि जिथे मी तुमच्या पक्षाला दोष दिला होता तिथे पेन्सिल टेकवलीसुद्धा नाहीत. पुढच्या खेपेला मी न राहवून विचारलं तेव्हा म्हणालात, "तो दोष हे तुझं मत आहे. मी वेगळं सांगेन, पण पानं तुझी आहेत. 39 ला बहुसंख्य म्हणणं हे मत नाही, ती चूक आहे." आणि चहात साखर किती, ते विचारलंत.

मी जिथे वाढले तिथे निवडणूक म्हणजे दोन घरांनी वर्षभर न बोलणं. आमच्या गल्लीत एका पॅनेलवरून सख्ख्या चुलत भावांनी बांध फोडले. इथे आल्यावर वाटलं, शिकलेल्या लोकांत असं नसेल, पण आपला आकडा फुगवणं आणि दुसऱ्याचा दडवणं मी इथल्या शिकलेल्यांतही भरपूर पाहिलं. ज्यांनी मला 'या लोकांबद्दल' लिहू नकोस म्हणून सांगितलं, त्यांच्याशी माझी मतं जुळतात. तुमच्याशी जवळजवळ कशावरच जुळत नाहीत. तरी माझ्या कामाशी प्रामाणिक राहिलात ते तुम्ही. माणूस सरळ असणं आणि त्याचं राजकारण आपल्याला पटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. समोर बसून पाहिलं ते तुमच्या टेबलाशी.

त्यानंतर मी सगळे आकडे पुन्हा तपासले. माझ्या बाजूचे होते तेही. 1976 मध्ये जेम्स बकले डेमोक्रॅट मॉयनिहन यांच्याकडून हरले, तिथे मी पराभवाचा आकडा थोडा खुशीत रंगवला होता, तो साधा केला. 1994 मध्ये रिपब्लिकन जॉर्ज पटाकी तुमच्या ओळीवरही उभे राहून गव्हर्नर झाले तेव्हा डेमोक्रॅट मारिओ कुओमो यांच्याविरुद्धचं मताधिक्य पावणेदोन लाखांच्या आसपास होतं आणि तुमच्या ओळीवरची मतं तीन लाखांहून जास्त. यावरून 'तुमच्यामुळेच जिंकले' असं मी लिहिणार होते. पण ओळ नसती तर त्यातली बरीच मतं रिपब्लिकन ओळीवर गेलीच असती, असं तुम्हीच म्हणालात. तेही वाक्य बदललं. 2020 मध्ये राज्याने ओळ टिकवायची अट वाढवली, दर दोन वर्षांनी 1 लाख 30 हजार मतं किंवा एकूण मतांच्या दोन टक्के, यातलं जे जास्त असेल ते. त्यात कितीतरी लहान पक्षांची ओळ गेली, तुमची राहिली. त्या पानावर मात्र मी मुद्दाम काही हात आखडला नाही. चिवटपणा होता, तो चिवटपणाच लिहिला.

प्रबंधाची बांधीव प्रत तुमच्यासाठी वेगळी करून घेतली आहे. 1970 च्या पानावर आता बरोबर आकडा आहे. पेन्सिलीची रेघ असलेलं जुनं पान मी परत देणार नाही, ते मागू नका.

1990 चा खोका आपण नीट उघडलाच नाही. गव्हर्नरपदाचे तुमचे उमेदवार हर्बर्ट लंडन रिपब्लिकन उमेदवाराच्या इतके जवळ पोचले होते की आणखी थोडी मतं मिळाली असती तर तुमची ओळ दुसरी झाली असती. त्या रात्री तुम्ही कुठे होतात ते मला ऐकायचं आहे, ऐकीव काय आणि पाहिलेलं काय ते वेगळं करून. प्रबंध संपला तरी शनिवार तसाच ठेवा. पुरणपोळ्या आणते, आजींना सांगा वेलदोडा बेताचाच घातलाय.

तुमची,
जॅक्सन हाइट्सची मुलगी