हे टांकसाळीत घडलं कसं? नाणी तपासून देणाऱ्या सरांना पत्र

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

आमच्या मंडळाची नाण्यांची पेटी परत मिळाली. प्रत्येक पाकिटावर नुसतं ‘एरर’ (टांकसाळीतली चूक) किंवा ‘डॅमेज’ (नंतर बिघडलेलं) असा शेरा न मारता तुम्ही कारणही लिहून दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बहुतेक पाकिटांवर ‘डॅमेज’ आहे. पण का, ते कळलं. त्यामुळे यापुढे तुम्हाला उठसूट त्रास द्यावा लागणार नाही. (निदान कमी तरी.)

तुमचा प्रश्न दरवेळी एकच असतो: हे टांकसाळीत कुठल्या टप्प्यावर घडलं? पत्र्यातून चकती कापताना, तिची कड उचलताना, की कॉलरमध्ये (चकतीला भोवतीने अडवणाऱ्या रिंगमध्ये) दोन ठशांच्या मधे दाबताना? यांपैकी कशातच बसत नसेल, तर नाणं बाहेर पडल्यावर बिघडलेलं.

कडेचा गोलाकार तुकडा नसलेल्या (‘क्लिप’ म्हणतात त्या) नाण्यावरचा तुमचा शेरा तर सगळ्यांनी वाचावा असा आहे. पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही की पंच (चकती कापणारं हत्यार) आधीच्या भोकावर चढतो आणि चकती अपुरी कापली जाते. पुढे कड उचलणाऱ्या यंत्रात त्या खाचेपाशी धातूच नसतो, म्हणून बरोबर समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही. तिथली कड पुसट राहते. छाप त्यानंतर पडते, तेव्हा धातू मोकळ्या जागेकडे सरकतो आणि खाचेजवळची अक्षरं ओढल्यासारखी, निमुळती होतात. कानस मारलेल्या नाण्यात अक्षर पूर्ण उंचीचं असतं आणि मधेच कापलं जातं. समोरची कडही धडधाकट. ‘खऱ्या क्लिपवरही समोरची कड दरवेळी ठळकपणे पुसट नसते’ ही तुमची पुस्ती आम्ही लाल शाईने अधोरेखित केली आहे.

जोडछापेचं (अक्षरं दुहेरी दिसण्याचं) तसंच. ठसा तयार होतानाच त्यावर आकृती दोनदा उमटली असेल, तर नाण्यावरची दोन्ही अक्षरं गोलाईदार, उठावाची येतात, अक्षर जाड दिसतं आणि टोकाशी खाच पडते. त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर हेच दिसणार. छाप पडल्यावर ठसा हलला, तर अक्षराच्या बाजूला सपाट पायरी पडते आणि मूळ अक्षर उलट बारीक होतं. दहापट भिंगाखाली उजेड तिरपा धरला की फरक लगेच कळतो. दुसरा प्रकार सर्रास आढळतो. त्याला एरर म्हणून मिरवण्यात अर्थ नाही, हे तुमचं मत आम्हालाही पटतं.

ठशाला तडा गेला तर नाण्यावर उठावाची रेघ येते. ओरखडा खोल असतो आणि त्याच्या काठांवर धातू सरकून वर आलेला असतो. उलटी, खोलगट छाप दिसली की दुसरी बाजू पाहावी. शिकंज्यात दोन नाणी एकमेकांवर दाबलेली असतील, तर मूळ आकृती चेपलेली सापडते.

पातळ, हलक्या नाण्याच्या बाबतीत नुसत्या वजनकाट्यावर भागत नाही. चकती मुळातच पातळ असेल तर कॉलरमुळे व्यास नेहमीचाच राहतो, फक्त ठशाचे खोल भाग नीट भरत नाहीत. आम्लात बुडवलेल्या नाण्याची अक्षरं, कड, पृष्ठभाग सगळंच झिजतं आणि व्यासही घटतो.

दोन धातूंच्या नाण्यातला गाभा फिरलेला दिसला तर तुम्ही सांधा बघायला सांगता. कडं आणि गाभा यांवर छाप एकाच दाबात पडते, म्हणून आकृतीची रेघ सांध्यावरून सलग जायला हवी. तुटली असेल, तर गाभा काढून पुन्हा बसवलेला आहे.

पुढची पाकिटं पाठवताना वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत, व्यास, चुंबकाला चिकटतं की नाही, आणि दोन्ही बाजूंसोबत कडेचाही फोटो जोडू. नाणी धुणार-पुसणार नाही.

आपले,
मंडळातील सगळे