विषय: तीन स्विचची एक ओळ, शिळं फर्मवेअर आणि 'एक्सेल ठेवा' हा तुमचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक साहाय्य विभाग

पावणेचारला तुमच्या सपोर्टशी सहाव्यांदा बोलून फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलो. आधीचे पाच कॉल तिकिटात आहेत, वाचून घ्या.

आमच्या पतपेढीच्या लालबागच्या मुख्य कार्यालयात तीन नेटवर्क स्विचचा एक स्टॅक आहे, म्हणजे तिन्ही जोडून एकासारखे चालतात. डबे तीन, सिरियल नंबर तीन, बिलंही तीन. तुमच्या नेटवर्क सॉफ्टवेअरमध्ये इन्व्हेंटरीच्या, म्हणजे यंत्रांच्या यादीच्या, पानावर मात्र त्याची एकच ओळ येते, आणि नंबर फक्त मास्टरचा, म्हणजे तिघांतल्या मुख्य स्विचचा. मुलुंड शाखेच्या राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, गेल्या महिन्यात मी रात्री जागून बदललं. तुमचं पान अजून जुनंच व्हर्जन दाखवतं, आणि वर हिरव्या अक्षरांत 'शेवटची तपासणी: आज'. शिळ्या मालावर आजची तारीख छापण्याला बाजारात काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक असेल.

पतपेढीचं ऑडिट चालू आहे. ऑडिटरनी तुमच्याच रिपोर्टची प्रिंट हातात धरून विचारलं, "बिलं तीन, यंत्र एक. दोन विकलीत का?" शिपायासकट सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मग मी रॅकमागे. तिथे वीतभर जागा, पंख्यांची गरम हवा थेट तोंडावर, आणि स्टिकर नेमका पॉवर केबलच्या आड. डाव्या हाताने केबलचा जुडगा बाजूला धरला, उजव्याने मोबाइल आत सरकवून फ्लॅश मारला. चौथ्या फोटोत नंबर आला. तो ८ आहे की बी, हे कळायला पाचवा काढावा लागला. हे काम वाचावं म्हणूनच तुमचं सॉफ्टवेअर घेतलं होतं.

आता आजचा कॉल. पोरगा नम्र होता, त्याचा दोष नाही.

"सर, डिव्हाइस ऑन आहे का?"

"ज्या फोनवरून बोलतोय तो त्याच स्विचवर आहे."

"ओके सर. पेज रिफ्रेश करून बघितलंत?"

बघितलं. नव्याने डिस्कव्हरी चालवून यंत्रं शोधायला लावली, डिव्हाइस काढून परत जोडलं, हेही सांगितलं. अकरा मिनिटं होल्डवर बासरी ऐकली. मग तो परत आला.

"सर, सीनियरना विचारलं. इन्व्हेंटरीचा डेटा फक्त माहितीसाठी असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यावर अवलंबून राहू नका. हार्डवेअरची यादी तुम्ही एक्सेलमध्ये ठेवा ना सर, ते बेस्ट."

फक्त माहितीसाठी! मग इन्व्हेंटरी आणखी कशासाठी असते, आरती ओवाळायला? एक्सेलच ठेवायची होती तर तुम्हाला दर वर्षी पैसे कशाचे देतो? मी संयमानेच लिहिणार होतो, पण हे वाक्य डोक्यातून जात नाही. यादी ठेवणारं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी सांगते, यादी तुम्हीच ठेवा.

तिसऱ्या कॉलला उत्तर होतं, "तुमचा स्विचच माहिती देत नाही." देतो. तुमच्याच सर्व्हरवरून, त्याच एसएनएमपी (यंत्रांकडून माहिती मागवायची पद्धत) युजरने मी १.३.६.१.२.१.४७ खालचा एन्टिटी मिबचा, म्हणजे यंत्राच्या भागांच्या यादीचा, तक्ता मागवला. तिन्ही सिरियल नंबर क्षणात समोर आले. हा मिब १९९६ सालापासून आहे, इंटरनेट मानकांच्या आरएफसी २०३७ या दस्तऐवजात. तुम्हाला मी हे शिकवायला नको. आउटपुट तिकिटाला जोडलंय, ते कुणी उघडलेलं दिसत नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. इन्व्हेंटरीत हा स्टॅक एक डिव्हाइस, पण लायसन्सच्या पानावर तीन! तिथे पैसे तिघांचे. म्हणजे मोजता येतं तुम्हाला. तीन डबे, तीन नंबर, लायसन्सही तीन, आणि ओळ एक.

व्यावसायिक वापरासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आधार मिळत नाही, असं आमचे वकील म्हणतात. तेव्हा त्याची धमकी देत नाही. एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभालीचं, बिल मात्र माझ्या टेबलावर आहे आणि माझ्या सहीशिवाय ते पुढे सरकत नाही. २०१७ साली कमिटीसमोर तुमची बाजू मीच मांडली होती, स्वस्त पर्याय समोर असताना. तेच सभासद आता मला 'तुमचं सॉफ्टवेअर' म्हणून टोमणे मारतात.

बुधवारी ऑडिटर परत येतायत. तोवर स्टॅकच्या तिन्ही ओळी दिसायला हव्यात, मुलुंडचं व्हर्जन खरं हवं आणि जादा दोन लायसन्सचा खुलासा लेखी हवा. जमत नसेल तर मंगळवारी माणूस पाठवा. बाकी पंधरा डिव्हाइसचे स्टिकर वाचायचे आहेत. टॉर्च मी देतो, फक्त रॅकमागे मावेल असा बारीक माणूस बघा.

सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर,
मुख्य कार्यालय, लालबाग, मुंबई