स्पॅनिश भयपट २००१ साली सुरू झाले नाहीत

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला स्पॅनिश भयपटांवरचा लेख वाचला. 'द अदर्स', 'रेक', 'द ऑर्फनेज' यांची दखल घेतलीत, आनंद वाटला. पण लेखकाने ही परंपरा थेट २००१ पासून सुरू केली आणि दिग्दर्शक गियेर्मो देल तोरो यांना स्पॅनिश ठरवून टाकलं. ते मेक्सिकोचे आहेत. त्यांचे दोन सिनेमे स्पेनमध्ये घडतात, म्हणून त्यांचा देश बदलत नाही.

आधीची चाळीस वर्षं कुठे गेली? स्पेनमध्ये सुरुवातीला फ्रँकोची हुकूमशाही होती, सेन्सॉरची कात्री होती, तरी तिथे भयपट निघत होते. हासिंतो मोलिना या वेटलिफ्टरने स्वतः नरलांडग्याची कथा लिहिली. स्पॅनिश माणसाचा लांडगा होतो हे सेन्सॉरला चालेना, तेव्हा नायक पोलंडचा केला. १९६८ चा तो सिनेमा चालला आणि पॉल नाशी या नावाने मोलिना पुढे कितीतरी सिनेमांत तोच लांडगा झाला. त्याचं नावसुद्धा लेखात नाही.

दिग्दर्शक नार्सिसो इबान्येझ सेरादोर यांचंही नाही, याचा मला जास्त राग आला. त्यांच्या १९७६ च्या 'हू कॅन किल अ चाइल्ड?' या सिनेमात एक इंग्रज जोडपं एका बेटावर जातं. बायको गरोदर आहे. बेटावर मोठं माणूस जवळपास कुणी उरलेलं नाही, फक्त मुलं. ना अंधार, ना वाडा. लख्ख ऊन आणि पांढऱ्या भिंती. एक लहान मुलगी म्हाताऱ्याची काठी हिसकावून घेते आणि त्याच काठीने त्याला मारत राहते.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका फिल्म क्लबने हा सिनेमा दाखवला. सुरुवातीला आउश्वित्झ, कोरिया, व्हिएतनाम, भारत-पाकिस्तान युद्ध यांतल्या होरपळलेल्या, उपाशी मुलांची खरी दृश्यं आहेत. 'हा भाग कंटाळवाणा आहे' असं म्हणून संयोजकांनी तो सरळ गाळून टाकला. मी उभा राहून हरकत घेतली, तर मलाच खाली बसवलं. ती दृश्यं शेवटी हवी होती, असं दिग्दर्शक नंतर म्हणाले होते. ती नकोत, असं नव्हे. ती काढली की मुलं का उलटली ते कळत नाही आणि उरते नुसती मारामारी. त्या दिवशी लोक हसत बाहेर पडले. आपला लेखही तसाच, सुरुवात कापून वाचकांसमोर ठेवलेला आहे.

आणखी एक. 'द ऑर्फनेज'चा शेवट लेखात उघड सांगितला आहे. माझ्या भाचीने तो अजून पाहिलेला नव्हता. असं करू नये.

लेखाचा उत्तरार्ध पुढच्या रविवारी आहे असं छापलं आहे. त्यात नाशी, सेरादोर आणि आंधळ्या टेम्प्लर (मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयोद्धे) प्रेतांचे चार सिनेमे करणारे आमान्दो दे ओसोरियो यांना जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे