अप्पांची मारुती आणि माझी फजिती

अमळनेर,
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय दोस्ता,

तुझा फोन वाजला तेव्हा मी अप्पांच्या मारुतीत डॅशबोर्डखाली उताणा पडलो होतो, तोंडात टेस्ट लँपची, म्हणजे वायरीत करंट आहे का ते दाखवणाऱ्या दिव्याची, वायर. राग धरू नको भो. मामांच्या फियाटमध्ये तुला गाण्यांचा सेट बसवायचाय ना, मग हे सगळं वाचूनच पाना हातात घे.

अप्पांची ८०० आहे १९९८ची. गेल्या मे महिन्यात रस्त्याकडेच्या एका दुकानात तिच्यात यूएसबीवाला सेट बसवून घेतला. अर्ध्या तासात काम फत्ते, चहासुद्धा त्यानेच पाजला. तेव्हापासून गाडी पाच-सहा दिवस उभी राहिली की चावी फिरवल्यावर नुसतं टिक्-टिक्. अप्पा म्हणाले, बॅटरी म्हातारी झाली. नवी टाकली. तीही आठवड्यात बसली.

परवा वैतागून सेट ओढून काढला. मागे पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून थेट बॅटरीच्या लाइनवर! पिवळी कायम चालूच हवी, घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं तिच्यावर लक्षात राहतात. लाल मात्र चावीवर हवी. इथे चावी काढली तरी सेट जागाच. आणि अप्पांची सवय तुला माहीत आहे, आवाज शून्यावर आणायचा की त्यांच्या लेखी टेप बंद. मीटर लावून पाहिलं तर ०.३ अँपिअर. म्हणजे दिवसाला सातेक अँपिअर-अवर, आणि बॅटरी अख्खी ३५ची. काय टिकणार ती?

त्याहून वाईट ते सांधे. वरची काळी टेप उन्हाने पार पाघळलेली, डांबरासारखी बोटांना चिकटली. रॉकेलने हात धुवावे लागले. मे महिन्यात आपल्याकडे बंद गाडीत डॅशबोर्डला हात लावून बघ, टेपचा डिंक तिथे टिकतोय का ते. पिवळीचा उघडा सांधा पत्र्यापासून बोटभर लांब लोंबत होता, आणि त्या लाइनला फ्यूजही नव्हता. मी सगळे सांधे सोल्डर केले, वर हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून घट्ट बसते ती) चढवली, पिवळीला १० अँपिअरचा फ्यूज टाकला. लालसाठी चावी फिरवल्यावरच लँप पेटेल अशी वायर शोधली.

इथवर मी फार हुशार होतो.

मग हाव सुटली. दुकानदाराने मागचे दोनच स्पीकर जोडले होते. दारांतले जुने तसेच पडलेले. अप्पांच्या कॅसेटच्या काळातले. उघडून पाहिलं तर प्रत्येकाला एकच वायर, दुसरं टोक बॉडीला स्क्रूने आवळलेलं. मी नव्या सेटची पांढरी आणि करडी, म्हणजे स्पीकरच्या प्लस वायरी, त्या वायरींना जोडल्या आणि काळ्या पट्ट्यांच्या दोन्ही मायनस वायरी सरळ बॉडीला दिल्या. चालू केलं, एक खट्ट, पडद्यावर ‘प्रोटेक्ट’, आणि चिडीचूप.

पहिली शिवी अर्थातच त्या जुन्या वायरिंगवाल्याला. पण त्याचं काम अप्पांच्या कॅसेटच्या टेपसाठी बरोबरच होतं रे. त्या टेपला स्पीकरचे मायनस बॉडीवर चालत. नव्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींतून आवाज येतो. मायनस समजतोस त्या वायरीवर बॉडीच्या मानाने सहाएक व्होल्ट असतात, मी मोजले. ती बॉडीला लावली तर सेटचा ॲम्प्लिफायर जळू शकतो. माझा नशिबाने वाचला. शेवटी दोन्ही दारांतून नवी जोडवायर ओढली. बिजागरीजवळच्या रबरी नळीतून ती सरकवायला दीड तास गेला आणि करंगळी सोलली.

म्हणून फियाटच्या स्पीकरच्या वायरी आधी मोज. दोन स्पीकरना चार वायरी नसतील तर जुनं वायरिंग विसर. प्लस कुठला कळत नसेल तर सेट सोडवून पेन्सिल सेल क्षणभर टेकव. स्पीकरचा पडदा बाहेर उडाला तर सेलचा प्लस लागला ते टोक प्लस. एक जरी उलटा लागला तर ढोलकीचा ठेका गायब होतो.

संध्याकाळी अप्पा येऊन गाडीत बसले. आकाशवाणी लावली, दोन अहिराणी गाणी ऐकली, मग विचारलं, “माझा कॅसेटचा टेप फेकला तर नाहीस ना?” नाही फेकला. कपाटात आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

येताना पुण्याहून तीन आणि पाच मिलिमीटरची हीट श्रिंक नळी घेऊन ये, माझी संपली. वांग्यांचा हंगाम आहे तोवर ये; भरीत आणि कळण्याची भाकरी माझ्याकडे.

तुझाच,
डॅशबोर्डखालचा दोस्त