घोट्यावरची जखम आणि दुर्लक्षित शिरा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पायावर निळसर, वेड्यावाकड्या फुगलेल्या शिरा, म्हणजेच व्हेरिकोज व्हेन्स, दिसल्या की ‘वयानुसार व्हायचेच’ म्हणून बहुतेक घरांत तो विषय तिथेच संपतो. पुढे काहींना घोट्याच्या वर, आतल्या बाजूला जखम होते आणि महिनोन्‌महिने मलमे बदलली जातात. जिच्यामुळे जखम झाली ती शीर मात्र कोणी तपासत नाही. व्हेरिकोज व्हेन्सच्या बाबतीत हे दुर्लक्ष मला सर्वांत क्लेशदायक वाटते.

पायांतले रक्त वर ढकलण्याचे मोठे काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये एकेरी झडपा असतात. या झडपा निकामी झाल्या की रक्त साचते, शिरांतला दाब वाढतो, संध्याकाळी पाय जड होऊन घोटे सुजतात आणि कालांतराने तिथली त्वचा काळवंडून इतकी नाजूक होते की साधा ओरखडाही चिघळतो. त्वचा काळी पडू लागणे हीच डॉक्टरांकडे जाण्याची वेळ. जखमेची वाट पाहू नये.

आनुवंशिकता, वय आणि गर्भारपण ही कारणे टाळता येत नाहीत. परंतु तासन्‌तास एका जागी उभे राहावे लागणाऱ्यांना अधूनमधून बसण्याची, चार पावले चालण्याची मुभा देणे मालकांच्या हाती आहे, आणि ती द्यायलाच हवी. दाब देणारे मोजे सकाळी उठल्याउठल्या, सूज येण्यापूर्वी घालावेत. मात्र पायाच्या धमन्यांतला रक्तप्रवाह कमी असेल तर तेच मोजे अपायकारक ठरतात, म्हणून मधुमेही व धूम्रपान करणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी.

शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीने बिघडलेली शीर नेमकी कळते. लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने ती बंद करण्याचे उपचार बहुधा केवळ जागा बधिर करून होतात आणि रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. ‘शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ ही भीती स्वाभाविक आहे. परंतु पायातले बहुतांश रक्त खोलवरच्या शिरांतूनच परतते आणि त्या मोकळ्या आहेत याची खात्री आधी केली जाते. ब्रिटनमधील 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे उपचार लवकर केलेल्या रुग्णांच्या जखमा अधिक वेगाने भरून आल्या.

म्हणून घोट्यावरच्या न भरणाऱ्या जखमेवर पट्टी बांधणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने रुग्णाला एकदा उभे करून पाय पाहावा आणि त्याला डॉपलरसाठी पाठवावे, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक